बोरन्हाणाची लूट आणि माझा भोंगा

मी रिक्षातून ओरडतो. हा माझा धंदा आहे. गेली वीस-बावीस वर्षं सोलापुरात ऐन दुपारी तुमच्या गल्लीत एखादी रिक्षा शिरली असेल, तिच्या टपावर दोन भोंगे असतील, आणि "चादरींचा महासेल, टॉवेलांचा महासेल, आज शेवटचा दिवस" हे ऐकून झोपमोड झाली म्हणून तुम्ही खिडकीतून शिवी हासडली असेल, तर ती शिवी मला पोचलेली आहे. मी तिचा आदरपूर्वक स्वीकार केला आहे. कलावंताला प्रतिसाद लागतो.

हल्ली बरेच जण आवाज एकदा रेकॉर्ड करून ठेवतात आणि तोच दिवसभर वाजवतात. मी त्यातला नाही. मी माईक हातात धरतो आणि समोर जे दिसेल त्याच्याशी बोलत जातो. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीचा रंग उडालेला दिसला, की ते साऱ्या पेठेला कळतं. गणपतीत मंडळाच्या नाटकात मी दरवर्षी मरतो. मरायला माझ्याइतका वेळ कोणी घेत नाही, असं जाणकार म्हणतात. एकदा तर पडदा पडल्यावरही मी पडद्याच्या अलीकडे राहिलो होतो आणि तिथंच मरत होतो.

हे सगळं सांगायचं कारण असं, की मागच्या संक्रांतीनंतर आमच्या इमारतीतल्या आईबापांनी माझ्यावर एक गंभीर काम सोपवलं. मोबाईलवर खेळ खेळून दाखवणाऱ्या एका पोराचे व्हिडिओ आपल्या मुलांनी बघावेत की नाही, याचा निकाल माझ्या बोलण्यावर लागणार होता. आणि त्या खटल्यातली मुख्य आरोपी माझीच मुलगी होती.

मुलगी दहा वर्षांची. जूनमध्ये तिची शाळा बदलली आणि ती गप्प झाली. माझ्या घरात गप्प माणूस म्हणजे मिठाईवाल्याच्या घरात साखर बंद. बायको म्हणाली, "तुम्ही जरा थांबलात तर ती बोलेल की." मी दोन दिवस थांबून बघितलं. घरात कुणीतरी आजारी असल्यासारखं वाटायला लागलं. शेजारी चौकशीला आले.

दिवाळीनंतर बायकोचा कोपरा फुटलेला जुना फोन मुलीच्या हाती आला. रोज संध्याकाळी पाच ते सहा ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून त्या पोराचे व्हिडिओ बघायला लागली. पोरगा कुठल्याशा लांबच्या शहरातला, हिंदीत बोलणारा, आणि बोलणंही असं, की मागं कुत्रं लागलंय. इमारतीतली लहान पोरं शेजारी येऊन बसायची, पण त्यांना तो कळायचा नाही. मग ही त्यांना मराठीत सांगायला लागली. घरी तेलुगू बोलणाऱ्या दोघी बहिणी, त्यांच्या खालच्या पायरीवर आणखी चार जण, आणि वर ही. "आता तो झुडपात लपलाय. श्वास सोडू नका." पोरं खरंच श्वास धरायची.

एकदा कामावरून लवकर आलो आणि हे सगळं मी तळमजल्यावरून ऐकलं. माझीच मुलगी, माझ्याच पट्टीत, आणि भोंग्याशिवाय. वर जायचं तर त्या मैफिलीतून वाट काढावी लागणार होती. मी तसाच बाहेर गेलो आणि सहा वाजेपर्यंत पानपट्टीवर उभा राहिलो. सहा महिने गप्प असलेली पोर बोलत होती. ती एका अनोळखी माणसाच्या मारामारीचं वर्णन करत होती, हा तपशील मी पानाबरोबर गिळून टाकला.

मग संक्रांत आली, आणि तळमजल्यावरच्या आजींच्या नातवाचं बोरन्हाण ठरलं.

आजी मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. त्यांनी स्वतः जिने चढून घरोघर आमंत्रण दिलं. "पोरास्नी पाठवा बरं का, लुटायला."

आता बोरन्हाण म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, गोळ्या ओतायच्या, आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचं. ही लूट पिढ्यान्‌पिढ्या अत्यंत गचाळपणे होत आली आहे. पोरं एकमेकांच्या अंगावर पडतात, एकाच्या हाताला तीन बोरं लागतात, दुसरं रडतं, आया हसतात. सगळं रीतीप्रमाणे.

पण आजींनी वापरलेला शब्द माझ्या मुलीला दुसऱ्याच ठिकाणाहून माहीत होता. तो व्हिडिओतला पोरगा दिवसभर लूटच करतो. आकाशातून छत्रीला बांधलेली पेटी खाली येते, त्याला ते 'ड्रॉप' म्हणतात, आणि त्याची टोळी ठरवून, कोपरे वाटून घेऊन, शत्रू पोचायच्या आत ती पेटी रिकामी करते. आजी दारात येऊन "लुटायला या" म्हणाल्या, तेव्हा मुलीचे डोळे चमकलेले मी बघितले होते. मला वाटलं, बोरं आवडत असतील.

पुढचे दोन दिवस गच्चीवर खडूनं नकाशे काढले जात होते.

बोरन्हाणाच्या संध्याकाळी मुलीनं फार नम्रपणे विचारलं, "आजी, खाली चादर अंथरू का? फरशी खराब होणार नाही." आजींना गहिवरून आलं. "बघा, किती वळण हाय पोरीला," त्या सगळ्या बायकांना म्हणाल्या. चादर आली. जांभळ्या मोरांची. मला ती ओळखीची वाटली, पण सोलापुरात चादर ओळखीची वाटणं यात विशेष काही नाही. चादरीवर पाट, पाटावर बाळ. आजींनी भरलेले डोळे पुसायला चष्मा काढला आणि शेजारी चादरीवर ठेवला.

बाळाच्या आत्यानं माप ओतलं. बोरांचा आवाज झाला. आणि माझी मुलगी दारातून शांतपणे म्हणाली, "ड्रॉप आला."

दोन पोरींनी बाळाला पाटासकट अलगद उचलून फरशीवर ठेवलं. चौघांनी चादरीचे चार कोपरे धरले. चादर वर गेली, तिचं बोचकं झालं आणि ते बोचकं दारातून, जिन्यातून, गच्चीकडे निघून गेलं. बायको मोबाईलवर चित्रण करत होती. तिच्या चित्रणात रिकामी फरशी आली आहे, आणि तिच्या मधोमध पाटावर बसलेलं बाळ, जे अजून वर बघतंय, की बोरं कुठून आली आणि कुठं गेली.

क्षणभरानं मुलगी एकटीच परत आली. तिनं बाळाच्या डोक्यावर हात ठेवला, "रिव्हाइव केलं" असं सांगितलं, त्याच्या हातात एक बोर दिलं आणि निघून गेली. त्या खेळात पडलेल्या गड्याला असं पुन्हा जिवंत करतात. बाळाला हे सगळं आवडलं. ते एकटंच हसत होतं.

गच्चीवर वाटणी अतिशय चोख झाली होती. कुणी रडलं नाही, कुणाला कमी मिळालं नाही. फक्त आजींचा चष्मा कुणाच्याच वाट्यात निघाला नाही. पोरांनी चष्मा बघितल्याचंच नाकारलं, आणि मला वाटतं ती खरं बोलत होती.

रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. आजी खुर्चीवर, बाकीचे उभे. चष्म्याशिवाय आजींना माणसं दिसत नव्हती, त्यामुळे त्यांचा राग थोडा इकडेतिकडे जात होता. पहिली पाच मिनिटं त्या पाण्याच्या पंपाला बोलल्या.

"आजी, मी इकडं आहे," मी म्हणालो.

"तुझी पोरगी हुशार हाय," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "ते मी न्हाय म्हणत न्हाय. पण दरोडा घालायला बी हुशारीच लागती की."

"तुम्हीच बोलावलं होतं, लुटायला."

"लुटायला बोलावलं व्हतं. उचलून न्यायला न्हाय."

बाकीच्या आया पुढे सरसावल्या. सगळ्यांचं एकच म्हणणं: हे त्या व्हिडिओंनी झालं, आजपासून कुणाच्याही घरात तो पोरगा दिसता कामा नये, आणि जिन्यावरचा तो तास बंद. माझी मुलगी खांबाला टेकून उभी होती. ती काही बोलली नाही. जूनमध्ये जशी बोलत नव्हती, अगदी तशीच.

"कुणी बघितलाय का तो व्हिडिओ? पूर्ण?" मी विचारलं.

कुणी बघितला नव्हता. येता-जाता दोन-दोन मिनिटं सगळ्यांनी बघितलं होतं, आणि प्रत्येकाला त्या दोन मिनिटांत गोळीबारच दिसला होता.

"मग आधी बघा तरी. एक अख्खा. इथंच. आणि मग बंद करा."

"मला कसं दिसंल?" आजी म्हणाल्या. "चष्मा कुटाय माझा?"

"तुम्हाला मी सांगतो," मी म्हणालो. बायकोनं डोळे मिटले. पुढे काय होणार हे तिला कळलं होतं. मी रिक्षातून माईक आणला.

फोन पाण्याच्या टाकीला टेकवून उभा केला. सगळे त्याच्यापुढे दाटीवाटीनं बसले, आणि मी आजींच्या कानाशी उभा राहून वर्णन करायला लागलो.

"आजी, विमान चाललंय. आणि त्यानं उडी मारली."

"कुणी ढकललं?"

"स्वतःच मारली."

"घरी भांडण झालं असंल. पुढं?"

"खाली उतरला. एका घरात शिरतोय."

"कुणाच्या?"

"कुणाचं ते माहीत नाही. घरात कोणी नाही."

"दार उघडं टाकून गावाला गेलेत? यप्पा. काय उचललं?"

"तवा."

आजी जरा सावरून बसल्या. "म्हंजे उपाशी हाय लेकरू. भाकरी टाकणार."

"नाही. तवा पाठीला बांधला."

"पाठीला? का?"

मी मुलीकडे बघितलं. "मागून गोळी आली तर लागू नये म्हणून," ती खांबापासून पुटपुटली. त्या दिवशीचे तिचे ते पहिले शब्द.

"हुशार हाय," आजी म्हणाल्या, आणि चुकून त्या पोराचं कौतुक केलं हे लक्षात येऊन तोंड वाकडं केलं.

मग तो झुडपात लपला आणि बराच वेळ तिथंच बसला. पण तोंड चालूच. आजी म्हणाल्या, "एवढं बोलायलाय तर सापडंल की." मी त्यांना समजावलं, की त्याचं बोलणं फक्त आपल्याला ऐकू येतं, शत्रूला नाही. हे सांगताना मी स्वतःच हरखलो. कुठल्याही नटाचं स्वप्न ते हेच.

मग एक शत्रू आला आणि मेला. "बघा," एक वहिनी म्हणाल्या, "हेच. हेच बघतात पोरं."

"तो परत येतो, काकू," मुलगी म्हणाली. आता ती खांब सोडून पुढे आली होती. "पुढच्या डावात परत येतो. नाटक आहे ते. बाबा गेल्या गणपतीत दोनदा मेले. नंतर चहा प्यायले."

"दोनदा का?" आजींनी विचारलं.

"लोकांनी वन्समोअर दिला," मी म्हणालो. ते फारसं खरं नव्हतं, पण सभा पुढे सरकली.

चौदाव्या मिनिटाला मात्र भलतंच घडलं. तो पोरगा इतका वेळ ओरडत होता. मीही त्याच्या सुरात ओरडत होतो. वरच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी लावून घेतली होती. आणि अचानक त्यानं आवाज खाली आणला. सवयीनं मीही आणला.

"थांब," आजी म्हणाल्या. त्यांना दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. "आत्ता का हळू बोललास?"

"मी नाही. तो हळू बोलतोय."

"काय म्हणतोय?"

मी एक-दोन वाक्यं ऐकली आणि माझे कान तापले. "तो म्हणतोय, भाईलोग, फक्त आपल्यात सांगतो. खेळात घालायचा हा सोनेरी कोट फक्त आजच्या दिवस विकत मिळणार. आज शेवटचा दिवस. आईचा फोन घ्या आणि आत्ताच्या आत्ता..."

पुढचं सांगायची गरज पडली नाही. माणसं फोनकडे बघेनात, माझ्याकडे बघायला लागली.

"तिथं मी पुढं ढकलते," मुलगी म्हणाली. तिनं हवेतच बोट उजवीकडे सरकवलं, फोनवर सरकवतात तसं. "ते नाटक नाही. ते खोटं आहे."

"तुला गं कसं कळलं, खोटं हाय?" आजींनी विचारलं.

"शेवटचा दिवस म्हणतो म्हणून. रोजच म्हणतो. बाबा पण रोज म्हणतात. मी पहिलीत होते तेव्हापासून त्यांचा सेलचा शेवटचा दिवस आहे. आणि आधी ओरडतात, मग कुणी गेटपाशी आलं की आवाज असाच खाली आणतात. 'ताई, फक्त तुम्हाला म्हणून सांगतो.'"

हसू आधी मागच्या रांगेत फुटलं, मग पुढे आलं. माझी बायको सगळ्यात शेवटी हसायला लागली आणि सगळ्यात शेवटी थांबली.

मी रंगमंचावर दरवर्षी मरतो, पण इतका चांगला कधी मेलो नव्हतो.

मग मी माईक बंद केला आणि आयुष्यात पहिल्यांदा धंद्याचं गुपित सांगितलं. म्हटलं, ओरडण्याला घाबरू नका. आम्ही ओरडतो ते गर्दी जमावी म्हणून. त्यात कुणाचं काही जात नाही. तवे, झुडपं, मरणं, सगळी आतषबाजी. आमचं खरं काम आवाज खाली आल्यावर सुरू होतं. माणूस तुम्हाला एकट्याला गाठून बोलायला लागला, घाई करायला लागला, आईला सांगू नका म्हणायला लागला, की तिथं कान टवकारा. येता-जाता दोन मिनिटं बघून हे सापडत नाही. मुलाशेजारी बसून अख्खा बघावा लागतो, म्हणजे कितव्या मिनिटाला आवाज उतरतो ते कळतं. दोन मिनिटांत गोळीबार दिसतो. चौदावं मिनिट दिसत नाही.

भाषण चांगलं झालं. आजी मान हलवत होत्या. मला वाटलं, खटला जिंकला.

"म्हंजे शेवटचा दिवस म्हणणारा बंद करायचा," आजी म्हणाल्या.

"तसं नाही, आजी..."

"मग आदी तू बंद व्हायला पायजे. तू तर रोज पोरांच्या कानावर पडतोस, भोंग्यातून. त्या लेकराला बंद करायचं असंल तर तुला बी बंद करायचं. आन्‌ तू चालणार असशील, तर ते लेकरू बी चालंल. काय ते एक ठरवा."

लोकांना हा न्याय फार आवडला. मी तडजोड मांडली. आजी ऐकून घेत होत्या, बाकीचे मुद्दे घालत होते, आणि शेवटी ठरलं ते असं: शनिवारी मुलीची शाळा सकाळची, दुपारी ती माझ्या रिक्षात बसेल. मी दिवसभर एकदाही 'शेवटचा दिवस' म्हणालो नाही, एकदाही आवाज खाली आणला नाही, तर जिन्यावरचा तास चालू राहील, मात्र शेजारी मोठं माणूस बसवून. एकदा जरी चुकलो, तर तास बंद. तो पोरगाही बंद आणि मुलीचं सांगणंही.

त्या रात्री जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, जमेल ना?" मी म्हणालो, "त्यात काय."

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. चालवायला नेहमीचे चाचा, मागे मी आणि मुलगी. चाचांना मी अट सांगितली. ते आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "कैकू मरने का काम लेते भाई? झूट नक्को बोले तो बोलिंगे क्या?"

मी माईक तोंडाशी धरला. "चादरींचा महासेल. टॉवेलांचा महासेल. आज..." इथं बावीस वर्षांची सवय जिभेवर येऊन उभी राहिली. "आज पहिला दिवस नाही. शेवटचाही नाही. उद्याही आहे. पुढच्या आठवड्यातही असेल. माल भरपूर आहे, काळजी नसावी."

एक बाई गॅलरीत आल्या. "भाऊ, बरं नाही का?" त्यांनी विचारलं. एक स्कूटरवाला थांबला, "उद्या पण आहे ना? बरं झालं सांगितलं," म्हणाला आणि निघून गेला. पुढच्या गल्लीत तेच. सगळे अतिशय समाधानानं घरी परत जात होते. बावीस वर्षांत माझं बोलणं कुणाला इतकं पटलं नव्हतं.

चारच्या सुमारास चादरींच्या दुकानाच्या शेटजींचा फोन आला. "दुकानात माशी न्हाय. तुमी काय बोलायलाय त्या भोंग्यावर?"

"खरं बोलायलोय, शेट."

"कुणी सांगितलं?"

"मुलीनं."

"मला बी मुलगी हाय की. मी ऐकतो का तिचं? हे बगा. सात रस्त्याच्या चौकात गर्दी हाय. तितं एकदाच म्हणा. एकदाच. न्हायतर सोमवारपासून रेकॉर्डिंग लावतो मी."

मुलीला फोनमधला आवाज ऐकू गेला असणार. ती बाहेर बघत बसली.

सात रस्त्याला सिग्नल लाल होता. शेटजींचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर. मी उतरून रिक्षाच्या पायरीवर उभा राहिलो आणि शेवटचा उपाय म्हणून नमुन्याची चादर काढली. चादर झटकण्याची माझी एक पद्धत आहे. ती पूर्ण उघडते तेव्हा रस्त्यावरची माणसं आपोआप मागे सरतात. मी झटकली. जांभळे मोर हवेत पसरले, आणि त्यांच्यामधून आजींचा चष्मा उडाला आणि एका मावशींच्या भाजीच्या पिशवीत पडला.

मी मुलीकडे बघितलं. "चादर तुमच्याच रिक्षातली घेतली होती," ती म्हणाली. "घडी घालून परत ठेवली."

पण तोवर गर्दी जमली होती. "चादरीवर चष्मा फुकट हाय का?" मागून कुणीतरी विचारलं. "कुठल्या नंबरचा?" दुसऱ्यानं विचारलं. दिवसभर माशी नव्हती आणि आता माणसं पुढे रेटत होती. एका बाईंनी चादरीला हात लावला. "खरंच चष्मा आहे का हो यावर?"

आणि माझा आवाज खाली आला. मी आणला नाही, तो आला. "ताई," मी म्हणालो, "फक्त तुम्हाला म्हणून..."

मुलगी मला रोखत नव्हती. तिनं रिक्षात बसल्या बसल्या एक बोट वर केलं, आणि हवेतच उजवीकडे सरकवलं.

तिनं मला पुढं ढकललं.

मी गिळला तो शब्द. खोकलो. मग माईक घेतला आणि होता नव्हता तेवढा आवाज वर काढला. "फक्त तुम्हाला नाही, ताई, सगळ्यांना सांगतो. चष्मा फुकट नाही. तो आमच्या तळमजल्यावरच्या आजींचा आहे. आणि तो इथं कसा आला, ते ऐका."

आणि मी सात रस्त्याला अख्खं बोरन्हाण सांगितलं. आमंत्रण, खडूचे नकाशे, ड्रॉप, बोचकं, पाटावरचं बाळ. सिग्नल दोनदा हिरवा झाला, चाचा हलले नाहीत. "ज्या चादरीत अख्खं बोरन्हाण उचललं गेलं, ती ही चादर," मी म्हणालो. "चार पोरांनी चार बाजूंनी ओढली. एक दोरा उसवला नाही. आज घ्या, उद्या घ्या, नका घेऊ. पण हात लावून बघा."

त्यात एक शब्द खोटा नव्हता. लोक हसत होते, चादर ओढून बघत होते, आणि काही जण दुकानाकडे वळलेही. पाच मिनिटांनी शेटजींचा फोन. "ती बोरन्हाणाची चादर म्हंजे कुटली? सगळे तीच मागायलेत."

संध्याकाळी पार्किंगमध्ये आजींनी चष्मा घातला, पंपाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझ्याबद्दल त्यांची थोडी निराशा झालेली दिसली. "चुकला का गं बाप?" त्यांनी मुलीला विचारलं.

आता सगळं तिच्या हातात होतं. 'फक्त तुम्हाला म्हणून' पर्यंत मी गेलो होतो, ते तिला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं.

"एकदा आवाज खाली गेला," ती म्हणाली. "पण लगेच वर आणला. खोटं नाही बोलले. म्हणजे ऐकायला चालतील. पण शेजारी मोठं माणूस बसलेलं पाहिजे."

"मी बसते," आजी म्हणाल्या. "पोरांच्या शेजारी बी आन्‌ ह्याच्या बी. चला, दावा कुटाय तो."

त्या वरच्या पायरीवर, मुलीच्या शेजारी बसल्या. फोनमधला पोरगा त्यांनी पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितला. "हा? एवढासा?" त्या म्हणाल्या. "ह्याला घरी कुणी जेवायला घालतं का न्हाय?" चौदाव्या मिनिटाला त्याचा आवाज उतरला, आणि सगळ्यांच्या आधी आजींचं बोट पुढे सरकलं.

मी खालच्या पायरीवर पोरांमध्ये बसलो होतो. वरून माझ्या मुलीचा आवाज आला, भरदार, सावकाश, माझ्याच पट्टीतला. "आता तो झुडपात लपलाय. श्वास सोडू नका."

मी धरला.